विषाचा हिशेब

१. सही झाली, मग कायदा कशाला?

रासायनिक अस्त्रांवर जगभर बंदी आहे, त्या बंदीच्या तहनाम्यावर भारताची सही आहे, आणि तरीही आपल्या संसदेने २००० साली त्याच विषयावर एक स्वतंत्र कायदा केला, हे ऐकल्यावर सामान्य वाचकाच्या मनात सहजच असा प्रश्न उभा राहतो की, जी गोष्ट एकदा साऱ्या राष्ट्रांच्या साक्षीने कबूल केली ती पुन्हा आपल्याच घरी कबूल करण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे, आणि सरकारी कामाची रीतच अशी दुहेरी, एवढे म्हणून तो टाळता येण्यासारखा नाही.

तहनामा हा राष्ट्राराष्ट्रांमधील करार होय. लग्नाच्या बैठकीत सुपारी फोडताना थोरल्या काकांनी ‘आमच्या घरून मानपानाचा एक पैसाही मागितला जाणार नाही’ असा शब्द दिला, म्हणून मांडवात रुसून बसणाऱ्या आत्याबाई त्या शब्दाने बांधल्या जात नाहीत. व्याही जाब विचारतील तो काकांना, आणि आत्याबाईंना आवरायचे तर काकांना माघारी येऊन घरच्या रीतीनेच काही तजवीज करावी लागेल. राष्ट्राचे असेच आहे. तहनाम्यावर देखरेख ठेवणारी हेग येथील आंतरराष्ट्रीय संस्था भारत सरकारला जाब विचारू शकते. तारापूरच्या कारखानदाराला किंवा मुंबईच्या दलालाला ती विचारू शकत नाही. त्यांना बांधायचे तर बंधन देशाच्या कायद्यातूनच यावे लागते.

काही देशांच्या राज्यघटनांत मंजूर झालेला तह आपोआप देशाचा कायदा बनतो. आपल्याकडे तसे नाही. घटनेच्या ५१ व्या कलमात आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आणि करारांतील बंधनांविषयी आदर वाढीस लावावा असे राज्याला सांगितले आहे खरे, पण ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत मोडते आणि त्याच्या आधारे कोणावर खटला भरता येत नाही. ऋण न फेडू शकलेल्या इसमास तुरुंगात टाकावे काय, असा वाद १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच स्पष्ट केले की, भारताने मान्य केलेला आंतरराष्ट्रीय करार संसदेने त्याला कायद्याचे रूप देईपर्यंत आपल्या न्यायालयांत कायदा म्हणून चालत नाही. ते रूप देण्याचा अधिकार २५३ व्या कलमात आहे, आणि तो बराच व्यापक आहे. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य हे एरवी राज्यांच्या अखत्यारीतील विषय. परंतु परराष्ट्राशी झालेला करार अमलात आणण्यासाठी संसदेला त्या विषयांतही साऱ्या देशासाठी कायदा करता येतो. तशी मुभा नसती, तर विषारी रसायनांच्या बंदोबस्ताचा कायदा महाराष्ट्रात एक आणि गुजरातेत दुसरा असा झाला असता, आणि माल सीमेवरच्या सोयीच्या बाजूस सरकला असता.

२. आधीचा शब्द तोकडा का पडला

विषारी वायू युद्धात वापरू नयेत हा विचार नवा नाही. १८९९ साली हेग येथे भरलेल्या परिषदेत गुदमरवणारे वायू पसरविणाऱ्या अस्त्रांविरुद्ध राष्ट्रांनी घोषणा केली होती. तरीही २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने नळकांड्यांतून क्लोरीन वायू सोडला आणि आधुनिक रासायनिक युद्धास तोंड लागले. या प्रसंगाशी आपला संबंध केवळ वाचनापुरता नाही. चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर लढाईत उतरली आणि तिच्यावरही वायू आला. पुढच्या फळीतील अधिकारी पडल्यावर वायूने ग्रासलेल्या आपल्या शिपायांना एकत्र ठेवून जखमींना सुरक्षित जागी हलविणाऱ्या जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या महायुद्धानंतर, १७ जून १९२५ रोजी, जिनीव्हा येथे करार झाला. त्याने वायूंचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला, पण वायू तयार करण्यास आणि साठवून ठेवण्यास मज्जाव केला नाही. शिवाय अनेक राष्ट्रांनी ‘शत्रूने आधी वापरल्यास आम्ही मोकळे’ अशी पुस्ती जोडून सह्या केल्या. अशा कराराचे जे व्हायचे तेच झाले. राष्ट्रांनी कोठारे भरून ठेवली, आणि १९८० नंतरच्या दशकात इराकने प्रथम इराणी सैन्यावर आणि मग १६ मार्च १९८८ रोजी आपल्याच देशातील हलब्जा गावातील कुर्द प्रजेवर विषारी वायूंचा मारा केला.

या अनुभवातून १९९३ चा करार निघाला. त्यावर १३ जानेवारी १९९३ पासून पॅरिस येथे सह्या होऊ लागल्या. भारताने दुसऱ्याच दिवशी सही केली. २९ एप्रिल १९९७ रोजी तो अमलात आला, आणि आज १९३ राष्ट्रे त्याला बांधलेली आहेत. त्यात वापराबरोबर निर्मिती, साठा, देवघेव आणि दुसऱ्यास साहाय्य या सर्वांना बंदी आहे. जुने साठे मुदतीत नष्ट करावेत आणि ते केले की नाही हे परक्या निरीक्षकांना दाखवावे, असेही बंधन आहे. देखरेखीसाठी हेग येथे रासायनिक अस्त्रबंदी संघटना स्थापन झाली. तिला २०१३ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३. राष्ट्र नव्हे, इसम

करार घडविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः सेना आणि सरकारे होती. परंतु करारावर सह्या झाल्या आणि तो अजून अमलातही आला नव्हता, तोच जपानात असा प्रसंग घडला की, अशा करारामागे देशाचा कायदा उभा नसेल तर काय होते, हे साऱ्या जगाला दिसले. ओम् शिन्रिक्यो नावाच्या पंथाच्या अनुयायांनी आपल्या आश्रमवजा कारखान्यात सारिन हा मज्जातंतूंवर आघात करणारा वायू बनविला, जून १९९४ मध्ये मात्सुमोतो गावात तो सोडून माणसे मारली, आणि २० मार्च १९९५ रोजी तोकियोच्या भुयारी रेल्वेत, सकाळच्या गर्दीच्या वेळी, पाच गाड्यांत तो पसरविला. डझनाहून अधिक माणसे गेली, हजारो आजारी पडली. जपानने १९९३ सालीच सही केलेली होती. पण सारिन बनविणे किंवा बाळगणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा त्या वेळी तेथे नव्हता. कोणी मेल्यावर खुनाचा गुन्हा दाखल होई. मरण्याआधी, माल तयार होत असताना, पोलिसांनी कोणत्या कलमाखाली दार ठोठावावे? जपानी संसदेने तो कायदा एप्रिल १९९५ मध्ये, म्हणजे महिन्याच्या आसपास, करून टाकला. तोच वर्षभर आधी झाला असता तर काय झाले असते, हे कोणालाही सांगता येणार नाही. पण पोलिसांच्या हाती दार ठोठावण्याचे कलम असते, एवढे निश्चित.

करारातील सातवे कलम या उणिवेसाठीच आहे. प्रत्येक राष्ट्राने स्वतःवर जी बंदी घालून घेतली तीच आपल्या मुलखातील प्रत्येक इसमावर आणि संस्थेवर घालावी, ती मोडणाऱ्यास शिक्षा ठरवावी, आपले नागरिक परदेशी असले तरी त्यांना ती लागू करावी, आणि हेगशी पत्रव्यवहार करणारे एक राष्ट्रीय खाते नेमावे, असे ते सांगते. कित्येक राष्ट्रांनी या कलमाकडे वर्षानुवर्षे काणाडोळा केला. शेवटी २००३ साली हेगच्या संघटनेला त्यासाठी वेगळा कृतिकार्यक्रम आखावा लागला. पुढच्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव करून, सरकारबाहेरील टोळ्यांच्या हाती अशी अस्त्रे पडू नयेत यासाठी कायदे करणे सर्वच राष्ट्रांवर बंधनकारक केले.

भारताचा कायदा कागदावर लवकर आणि अमलात उशिरा आला. ‘रासायनिक अस्त्रे करार अधिनियम, २०००’ याला ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली; तो लागू झाला १ जुलै २००५ रोजी. मधली पाच वर्षे नियम, नमुने आणि नेमणुका यांत गेली असतील असे म्हणून समाधान मानावे, तरी सह्यांपासून अंमलापर्यंतचा एकूण काळ बारा वर्षांहून अधिक भरतो, आणि एवढी दिरंगाई शोभादायक म्हणता येणार नाही. हेगशी पत्रव्यवहार करणारे राष्ट्रीय प्राधिकरण मात्र १९९७ सालीच, मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छत्राखाली, काम करू लागले होते.

४. पदार्थाला बंदी नाही, हेतूला आहे

आता या सगळ्या प्रकरणाचा गाभा. रासायनिक अस्त्र म्हणजे काय? वाचकाला वाटेल की, सरकारने विषांची एक यादी केली असावी आणि त्या यादीतील पदार्थ म्हणजे अस्त्रे. तसे नाही, आणि तसे असते तर हा कायदा निरुपयोगी ठरला असता.

क्लोरीनचेच उदाहरण घ्या. ईप्रच्या खंदकांत ज्या वायूने सैनिक गुदमरून मेले त्याच वायूने आपल्या शहरांचे पिण्याचे पाणी शुद्ध होते. तो करारातील कोणत्याही यादीत नाही, आणि असता तर नगरपालिकांचे जलशुद्धीकरण बंद करावे लागले असते. तरीही तोच क्लोरीन पिंपात भरून वस्तीवर टाकला तर ते पिंप रासायनिक अस्त्र होते. उलट फॉस्जीन पाहा : पहिल्या महायुद्धात वायूंनी जेवढे मृत्यू झाले त्यांतील मोठा भाग या एका वायूच्या नावावर जमा आहे, पण फोमच्या गाद्या, कठीण पारदर्शक प्लॅस्टिक आणि कीटकनाशके यांच्या निर्मितीत तोच लागतो.

म्हणून कराराने, आणि त्यामागून आपल्या अधिनियमाने, व्याख्या उलट्या बाजूने बांधली. कोणतेही विषारी रसायन आणि ते बनविण्यास लागणारा कोणताही पूर्वगामी पदार्थ हा अस्त्रच समजावा. अपवाद तेवढाच की, तो निषिद्ध नसलेल्या हेतूसाठी असावा आणि त्याचा प्रकार व प्रमाण त्या हेतूशी जुळणारे असावे. उद्योग, शेती, संशोधन, औषधोपचार, विषापासून बचावाची साधने, अंतर्गत सुव्यवस्था हे निषिद्ध नसलेले हेतू होत. या वाक्यातील ‘प्रमाण’ हा शब्द नजरेआड करू नये. हेतू माणसाच्या मनात असतो आणि मनाची झडती घेता येत नाही; पण गोदामाची घेता येते. नळपाणी योजनेच्या नावावर आणलेला माल योजनेला वर्षभर लागतो त्याच्या वीसपट निघाला, तर हेतूविषयीचे उत्तर मालकाला द्यावे लागते, आणि ते कागदपत्रांनिशी.

या रचनेचा आणखी एक फायदा असा की, उद्या कोणी अगदी नवीन विष शोधून काढले तरी ते जन्मतःच बंदीखाली येते. २०१८ साली इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे नोव्हिचोक जातीचे विष वापरले गेले तेव्हा ते करारातील याद्यांत नव्हते. याद्यांत त्याची भर २०१९ साली पडली. पण म्हणून तो वापर २०१८ साली कायदेशीर होता, असे कोणालाही म्हणता आले नाही.

५. तीन अनुसूच्या

मग याद्या आहेत तरी कशासाठी? त्या बंदीसाठी नाहीत, देखरेखीसाठी आहेत. हजारो रसायनांपैकी सरकारने कोणत्यांवर किती बारीक नजर ठेवावी याची ती प्रतवारी आहे.

पहिल्या अनुसूचीत मुख्यतः असे पदार्थ आहेत ज्यांचा शांततेच्या काळात फारसा उपयोगच नाही : सारिन, टॅबून, व्हीएक्स, मस्टर्ड वायू, आणि त्यांच्याबरोबर एरंडाच्या बीतून निघणारे रायसिन. यांची निर्मिती संशोधनासाठी, औषधासाठी किंवा बचावाची साधने तपासण्यासाठीच, अत्यल्प प्रमाणात करता येते. एका राष्ट्राजवळ अशा सर्व पदार्थांचा साठा मिळून एक टनाच्या वर कधीही जाता कामा नये, आणि तो दुसऱ्या राष्ट्राला द्यायचा तर तीस दिवस आधी हेगला कळवावे लागते. खाजगी कारखानदाराचा या अनुसूचीशी सहसा संबंध येत नाही.

दुसरी अनुसूची अधिक बोधप्रद आहे. तीत मुख्यतः असे पदार्थ आहेत जे स्वतः तितके मारक नसले तरी मारक पदार्थाच्या अगदी एक-दोन पायऱ्या अलीकडे उभे आहेत. थायोडायग्लायकॉल हे त्यांपैकी एक : बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगकामात ते वापरतात, आणि मस्टर्ड वायूकडेही त्याच्यापासून फार लांब जावे लागत नाही. फ्रान्स व्हान आनराट नावाच्या डच व्यापाऱ्याने १९८० नंतरच्या दशकात हेच रसायन सद्दामच्या इराकला पुरविले; २००५ साली नेदरलँड्सच्या न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांत साहाय्य केल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा दिली आणि अपिलात ती वाढली. हलब्जापासून त्या निकालापर्यंत सतरा वर्षे लोटली होती. असा व्यापार पहिल्याच पिंपाला अडविता यावा म्हणून दुसऱ्या अनुसूचीतील पदार्थ कराराबाहेरील राष्ट्रांना विकण्यास आता संपूर्ण मनाई आहे. तिसऱ्या अनुसूचीत फॉस्जीन, हायड्रोजन सायनाइड यांसारखे, टनावारी बनणारे आणि टनावारी खपणारे पदार्थ येतात. ते कराराबाहेरील राष्ट्रास विकताना माल कोण व कशासाठी वापरणार याचा दाखला घ्यावा लागतो.

हिशेब कसा ठेवतात हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका शाईच्या कारखान्याने २०२१ साली ७०० किलो, २०२२ साली १,२०० किलो आणि २०२३ साली ६०० किलो थायोडायग्लायकॉल वापरले, आणि २०२४ साली ५०० किलोच लागेल असा त्याचा अंदाज आहे. या पदार्थाची मर्यादा वर्षाला एक टन. मालक म्हणेल, ‘गेल्या वर्षी मी मर्यादेच्या आत होतो, पुढेही राहीन; मग मी कशाला कळवू?’ पण नियम असा की, मागील तीन वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षी, किंवा पुढील वर्षीच्या अंदाजात, मर्यादा ओलांडली गेली तर विवरणपत्र द्यावेच लागते. २०२२ च्या जादा २०० किलोंनी त्याला बांधले. तेच प्रमाण दहा टनांच्या वर गेले असते, तर नुसत्या कागदावर न भागता आंतरराष्ट्रीय निरीक्षकही दारात येऊ शकले असते. फॉस्जीन बनविणाऱ्यासाठी या दोन मर्यादा अनुक्रमे ३० आणि २०० टन अशा आहेत.

याखेरीज एक चौथा, बिननावाचा वर्ग आहे. कोणत्याही अनुसूचीत नसलेली सेंद्रिय रसायने जो कारखाना वर्षाला २०० टनांहून अधिक तयार करतो त्यालाही कळवावे लागते. रसायनात फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरीन असेल तर ही मर्यादा प्रत्येक कारखान्यासाठी ३० टनांवर येते. सारिनमध्ये फॉस्फरस आणि फ्लोरीन आहे, मस्टर्ड वायूत गंधक आहे. ज्या कारखान्याला ही मूलतत्त्वे हाताळण्याची सवय आणि सामग्री आहे त्याच्याकडे सरकारने थोडे अधिक लक्ष द्यावे, एवढाच याचा अर्थ. रोहे, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ येथील वसाहतींतून औषधांची आणि रंगांची जी मध्यद्रव्ये तयार होतात त्यांच्या उत्पादकांना या कायद्याची ओळख होते ती बहुधा या चौथ्या वर्गामुळे. अशा कारखानदारास आपण कोणत्या जागतिक अस्त्रबंदीचे भागीदार आहोत याची कल्पना असतेच असे नाही. त्याच्या लेखी तो वर्षाकाठी भरावयाचा आणखी एक नमुना असतो. मला यात काही वावगे वाटत नाही. दप्तर चोख असले म्हणजे पुरे.

६. परका पाहुणा

निरीक्षक येतात तेव्हा काय होते? दुसऱ्या अनुसूचीच्या कारखान्यासाठी ४८ तास आणि तिसऱ्या अनुसूचीच्या कारखान्यासाठी १२० तास आधी हेगहून सूचना येते. निरीक्षकांबरोबर आपले सरकारी अधिकारी असतात. ते यंत्रसामग्री पाहतात, नोंदवह्या तपासतात, जरूर तर नमुने घेतात. कारखानदाराची भीती साधारणतः एकच असते : आपल्या धंद्याची गुपिते परक्याच्या हाती जातील. म्हणून करारात गोपनीयतेचे एक संपूर्ण परिशिष्ट आहे, आणि तपासणीशी ज्याचा संबंध नाही ते झाकून ठेवण्याची सवलतही आहे. देशाच्या कायद्याची गरज येथे पुन्हा दिसते. परदेशी माणसाने खाजगी मालकाच्या आवारात पाऊल टाकणे हे कायद्याच्या आधारावाचून अतिक्रमणच ठरले असते. अधिनियमाने त्या पावलाला अधिकार दिला आणि आडकाठी करणाऱ्यास शिक्षापात्र ठरविले.

आणखी एका तपासणीची तरतूद आहे : एका राष्ट्राला दुसऱ्याविषयी संशय आल्यास ते अवघ्या बारा तासांच्या सूचनेवर, कोणत्याही ठिकाणची तपासणी मागू शकते. हे हत्यार कोणत्याही राष्ट्राने आजवर बाहेर काढलेले नाही. संशय असण्याची उदाहरणे कमी नव्हती. तेव्हा ते वापरण्याचे धैर्य कमी पडले, असेच म्हणावे लागते.

७. पोलिसांचा अश्रुधूर

अश्रुधूर हेही रसायन, तर मग पोलिसांना तो कसा चालतो? कराराने अंतर्गत सुव्यवस्था हा हेतू मान्य केला आहे. पण युद्धात तोच अश्रुधूर वापरण्यास मनाई केली आहे, आणि आपल्या अधिनियमाचे १४ वे कलम तेच सांगते. म्हणजे जे नळकांडे मुंबईच्या रस्त्यावर दंगलखोरांवर फोडता येते, ते सीमेवर शत्रूच्या सैनिकावर फोडता येत नाही. प्रथमदर्शनी हे विपरीत भासते : परक्या सैनिकाला बंदुकीने मारावे, पण त्याला रडवू नये! कारण असे की, रणांगणावर धुराचा लोट येताना दिसला तर तो साधा अश्रुधूर आहे की दुसरे काही, याची परीक्षा करण्यास कोणी थांबत नाही. समोरचा सेनापती वाईटात वाईट तेच गृहीत धरतो आणि तसेच उत्तर देतो. पहिल्या महायुद्धातही क्लोरीनच्या आधी डोळे झोंबविणाऱ्या वायूंचेच प्रयोग झाले होते.

८. आपले स्वतःचे कोठार

भारताने इतरांना बंदी घातली, पण स्वतःचे काय, असे विचारणाऱ्यास खरे उत्तर द्यावे लागेल. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्त घोषणापत्र काढून अशी अस्त्रे कधीही बनविणार किंवा मिळविणार नाही असे वचन दिले होते. आणि जून १९९७ मध्ये, करार लागू झाल्यावर, भारताने आपल्याजवळ १,०४४ टन मस्टर्ड वायू असल्याचे हेगला कळविले. ही कबुली ऐकून शेजाऱ्यांनी भुवया उंचावल्या, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तथापि पुढचे काम भारताने निष्ठेने केले. निरीक्षकांच्या देखत, टप्प्याटप्प्याने, तो सारा साठा मार्च २००९ पर्यंत नष्ट झाला. वाढवून घेतलेली मुदत एप्रिल २००९ ची होती. साठा पूर्णपणे नष्ट करणारे भारत हे तिसरे राष्ट्र. अमेरिकेला ते काम पुरे करण्यास २०२३ चा जुलै उजाडला.

९. शिक्षा, आणि शिक्षेचा अतिरेक

अधिनियमाचे १३ वे कलम अस्त्रांची निर्मिती, साठा, देवघेव आणि वापर यांना मनाई करते. ती मोडणाऱ्यास मूळ अधिनियमात किमान एक वर्षापासून आजन्म कारावासापर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दंडाची रक्कम कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला चहापाण्याच्या खर्चाइतकी वाटेल, पण कैदेचे तसे नाही. गुन्हा कंपनीचा असला तरी तिचा कारभार पाहणारे इसम जबाबदार धरले जातात. आणि हा कायदा देशाच्या सीमेवर थांबत नाही. सौदी अरेबियातील जुबैलच्या कारखान्यात नोकरीस असलेला डोंबिवलीचा रसायन-अभियंता भारतीय नागरिक म्हणून त्याच्या कक्षेत येतो. भारतात नोंदलेल्या कंपनीच्या परदेशी शाखा आणि उपकंपन्याही येतात.

इतकी रुंद व्याख्या आणि इतकी कडक शिक्षा एकत्र आली म्हणजे काय होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. पेनसिल्व्हेनियातील एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईस आपल्या नवऱ्यापासून आपल्याच मैत्रिणीला दिवस गेल्याचे कळले. सूड म्हणून तिने मैत्रिणीच्या मोटारीच्या दारावर, टपालपेटीवर आणि घराच्या दाराच्या मुठीवर त्वचेला दाह करणारी रसायने वारंवार लावली. मैत्रिणीच्या अंगठ्याला किरकोळ भाजले आणि ते पाण्याने धुतल्यावर भागले. टपालपेटीशी छेडछाड झाली म्हणून केंद्रीय तपासनीस आले, आणि केंद्रीय वकिलांनी खटला भरला तो रासायनिक अस्त्रबंदी करार राबविणाऱ्या १९९८ च्या कायद्याखाली! शब्दशः पाहिले तर त्यांचे चुकत नव्हते : विषारी रसायन होते आणि हेतू शांततेचा नव्हता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला. २ जून २०१४ रोजी सर्व न्यायमूर्तींनी त्या बाईच्या बाजूने निकाल दिला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे तात्पर्य असे की, युद्ध आणि सामूहिक संहार यांसाठी रचलेला कायदा मैत्रिणींच्या भांडणापर्यंत ओढायचा असेल तर संसदेने तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. तसे ते म्हटलेले नाही, तेव्हा असा गुन्हा राज्याच्या साध्या फौजदारी कायद्याकडे सोपवावा.

हा निकाल मला बरोबर वाटतो, आणि त्यातून आपल्याकडच्या वकिलांनी घेण्यासारखे काही आहे, कारण आपली व्याख्याही त्याच करारातून, जवळजवळ शब्दशः, घेतलेली आहे. ॲसिडहल्ला हा अत्यंत हीन गुन्हा. त्यासाठी आपल्या फौजदारी कायद्यात २०१३ पासून स्वतंत्र, कडक कलम आहे. त्या गुन्हेगाराला रासायनिक युद्धाचा गुन्हेगार ठरवून पीडितेला काही अधिक मिळत नाही.

१०. आणि भोपाळ?

या विषयावर बोलताना भारतीय वाचक शेवटी हे विचारल्यावाचून राहत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कोणत्याही युद्धातील वायुहल्ल्याशी तुलना व्हावी असा तो संहार होता. २००० चा अधिनियम तेव्हा असता तर तो लागू पडला असता काय? नाही. हा कायदा हेतूवर उभा आहे, आणि भोपाळमध्ये बेपर्वाई होती, अस्त्र करण्याचा हेतू नव्हता. मिथाइल आयसोसायनेट तिन्ही अनुसूच्यांपैकी एकीतही नाही. ते बनविण्यास लागणारे फॉस्जीन मात्र त्याच आवारात तयार होत असे, आणि ते तिसऱ्या अनुसूचीत आहे.

भोपाळसारख्या दुर्घटनांच्या बंदोबस्तासाठी दुसरे कायदे झाले : १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, त्याखाली १९८९ साली झालेले धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीचे नियम, कारखाना अधिनियमात १९८७ साली घातलेले धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण, आणि १९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा. त्यामुळे आज फॉस्जीन तयार करणाऱ्या कारखानदाराला एकाच टाकीचा हिशेब दोन ठिकाणी द्यावा लागतो. एका दप्तरात वर्षभरात किती टन माल तयार झाला आणि तो कोणाकडे, कोणत्या कामासाठी गेला हे लिहावयाचे. दुसऱ्यात, ती टाकी फुटली तर वारा कोणत्या वस्तीकडे वाहतो आणि तिथल्या माणसांना हलविण्याची काय व्यवस्था आहे, हे लिहावयाचे.